आधी चांगल्या कुंड्या

संध्यानं पान उन्हाकडं धरलं, बोटानं दाबलं आणि नाकाशी नेलं. कुजका वास आला तसा तिचा चेहरा उजळला. डॉक्टर लोकांना रोग सापडला की बरं वाटतं, मग तो माणसाचा असो की झाडाचा.

"ही बुरशी न्हाई, कल्याणभाऊ. जिवाणूचा रोग आहे. डागाभोवती पिवळी कड बघा, अन् दाबलं की पाणी सुटतं. दोन महिने तुम्ही बुरशीचं औषध मारून राह्यले, ते बिलकुल वाया गेलं."

कल्याण ओशाळून हसला. वाटूरच्या शिवारात मोसंबीचा रोग कुणीही चालता चालता सांगेल. ऑर्किडचं पान ओळखणारं माणूस मात्र जालन्याहून बोलवावं लागलं होतं. शेडनेटखाली चारशे कुंड्या होत्या. त्याच्या धाकट्या भावानं, हरिओमनं लावलेल्या. खाता येत नाही, जनावराला घालता येत नाही, असलं कसलं पीक, म्हणून गावानं त्याची भरपूर चेष्टा केली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हरिओम गेला. तेव्हापासून त्या कुंड्या आईनं, तुळजाबाईनं सांभाळल्या. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती एकेक पान पुसायची. आताही ती फडकं हातात घेऊन दाराशी उभी होती.

संध्या लोखंडी बाकांमधून वाकून बघत शेवटपर्यंत गेली आणि परत आली.

"गंमत बघा. पाण्यानं पसरला असता तर इकडंतिकडं उडाला असता. हा ओळीनं चाललाय. त्या कोपऱ्यातल्या कुंडीपासून निघाला, पहिल्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आला. मावशी, सकाळी आल्यावर आधी कुठं जाता तुम्ही?"

"जी आजारी हाय तिच्याकडं," तुळजाबाई म्हणाली. "आन् कुठं जाणार?"

"तिला पुसता?"

"पुसते. मंग बाकीच्यांला."

"त्याच फडक्यानं?"

तुळजाबाईनं फडकं पदराआड घेतलं.

"उलटं करायचं, मावशी," संध्या समजुतीनं म्हणाली. "आधी चांगल्या कुंड्या. आजारी एकदम शेवटी, अन् मंग हात धुवायचे. न्हाई तर चांगल्याला रोग आपणच नेऊन देतो."

हरिओम गेला त्या उन्हाळ्यापासून हाच एक प्रश्न तुळजाबाईला खात होता आणि उत्तराच्या भीतीनं तिनं तो कुणाला विचारला नव्हता. कल्याण घरात तापानं फणफणला होता. हरिओम चांगला धडधाकट, लागण नको म्हणून इथं शेडनेटवर राहायला आला होता. ती आधी कल्याणचं करायची. त्याचा घाम पुसायची, त्याला पेज पाजायची. मग त्याच हातांनी भाकरी बांधून इकडं दाराशी आणून ठेवायची. कल्याण दहाव्या दिवशी उठून बसला. हरिओम पंधराव्या दिवशी गेला. त्याची वेळच आली होती, असं म्हणून सगळ्यांनी तिची समजूत घातली होती.

"पोरी, हे झाडांचंच हाय ना?" तिनं विचारलं.

संध्या लायटरच्या जाळावर चाकूचं पातं तापवत होती. "कशाचंही असू द्या, मावशी. रोगाला काय, हात सापडला की झालं." तिनं डागाच्या खाली दोन बोटं सोडून पान कापलं, कापल्या जागी दालचिनीची पूड दाबली, पातं पुन्हा तापवलं आणि तुळजाबाईपुढं धरलं. "घ्या. पुढचं तुम्ही कापा. दर पानाला तापवायचं, एवढं ध्यानात ठेवा."

तुळजाबाईनं दोन्ही हात मागं नेले.

"म्या न्हाई," ती म्हणाली. "आजपासून म्या कोणत्याच कुंडीला हात लावणार न्हाई."

ती बाहेर पडली आणि बांधाच्या कडेनं तरातरा चालू लागली. आपलं काय चुकलं ते संध्याला कळेना. कल्याणला सगळं कळलं होतं. आईच्या मनात हे एवढी वर्षं घर करून बसलंय, हे त्याला आज पहिल्यांदा समजलं. तो मागोमाग गेला. बोरीच्या झाडाशी त्यानं तिला गाठलं.

"माय, तुझ्या हातानं काही झालं न्हाई."

"तू गप बस."

"ऐक. मला ताप आल्ता, त्याच दिवशी त्यालाबी आल्ता. फोनवर सांगितलं त्यानं मला. म्हणला, मायला बोलू नको, ती दोघांचं कसं करील? तू आधी बरा हो, मंग सांगू."

तुळजाबाई थांबली.

"अन् तू?"

कल्याणनं मान खाली घातली. सांगितलं नसतं तर जन्मभर चाललं असतं, पण मग तिचे हात तसेच मागं राहिले असते.

"मला बरंच वाटलं, माय. तुला कळलं असतं तर तू उठून इकडं आली असतीस. मला लई भ्या वाटत होतं. तू माझ्यापाशीच बसावं वाटत होतं. म्हणून म्या बोललोच न्हाई."

शेडनेटमधून संध्यानं हाक मारली. तुळजाबाईनं वळून शेडनेटकडं बघितलं.

"मंग रातच्याला," तिनं विचारलं, "तिथं त्याला पाणी कोण देत होतं रे?"