बाहीतला दाणा

"तुम्ही या पोरीचा गळा कापलात, मदर. आणि वर म्हणता, देवाने कापला."

सिस्टर गोडेलीव्ह उभ्या राहून बोलत होत्या. मठात येऊन त्यांना बावन्न वर्षं झाली होती. या खोलीत त्यांनी आवाज चढवला तो आज पहिल्यांदा.

मदर टेबलामागे ताठ बसून होत्या. "काल अकरा जणींनी मत दिलं. दहा दाणे पांढरे, एक काळा. या घरात नकाराला एक काळा पुरतो. नियम मी केलेला नाही."

"टाकला कुणी?"

"ते विचारायचं नसतं. तुम्ही मला शिकवलंत, सिस्टर."

शिकवलं होतं खरं. म्हणून तर राग दुप्पट झाला.

ही पोरगी, आलीडा, दोन वर्षांपूर्वी मठात आली तेव्हा तिच्या केसांना नदीत कुजवलेल्या जवसाचा वास होता. लेये नदीकाठी जवसाच्या काड्या कुजवून धागा काढायचा, हा तिच्या बापाचा धंदा. बापाने तिला कामील नावाच्या पाच पोरांच्या विधुराला द्यायचं ठरवलं, आणि पोरगी आठवड्यात मठाच्या दारात उभी राहिली. मदरनी तिला भरतकामाच्या खोलीत धाडलं, गोडेलीव्हबाईंच्या हाताखाली.

"सिस्टर, मला देवाने बोलावलंय, की मी नुसती कामीलपासून पळालेय?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मला काय ठाऊक? सुई ओव."

तेव्हापासून ती रोज सकाळी तीस सुया ओवून रंगाच्या क्रमाने उशीला टोचून ठेवायची. नजर मंदावलेल्या म्हातारीला कुणाकडे काही मागावं लागायचं नाही. स्वयंपाकघरातल्या सिस्टर ऑडा टोमणे मारायच्या, "राणीसाहेबांना सुया ओवून मिळतात. आमचे कांदे सोलायला कुणी येत नाही." पोरगी खळखळून हसायची. ऑडा म्हणायच्या, "हसते फार. हसण्यावर मठ चालत नाहीत."

मग यंदाच्या वसंतात बापाचं पत्र आलं. कामीलने दुसरीशी लग्न केलं होतं. परत ये, कुणी जबरदस्ती करणार नाही, असं बापाने लिहिलं होतं. आलीडा तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन गप्प फिरली. चौथ्या दिवशी सुया ओवता ओवता म्हणाली,

"सिस्टर, आता मागे कुणी लागलेलं नाही. तरी जावंसं वाटत नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाही. सांगतेय."

गोडेलीव्हबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटाला सुई लागली, म्हणाल्या. असं बोलावणं त्यांनी बावन्न वर्षांत दोनदा पाहिलं होतं, आणि त्यात स्वतःचं धरलेलं नव्हतं.

दोन वर्षं उमेदवारी झाली. तिला व्रत देऊन कायमची सिस्टर करायची का, यावर काल मतदान होतं. सिस्टर ऑडा घेवड्याच्या दाण्यांचं तबक घेऊन आल्या.

"जुने दाणे उंदरांनी खाल्ले. चाळीस वर्षांची मतं फस्त. हे यंदाचे, आपल्याच मळ्यातले."

सगळ्या हसल्या. गोडेलीव्हबाईही हसल्या.

रीत अशी की प्रत्येकीच्या बाहीत एक पांढरा आणि एक काळा दाणा सोडायचा. शेजारणीला दिसू नये म्हणून बाहीतल्या बाहीत, बोटांनीच निवडायचा. निवडलेला मुठीतून पेटीत, उरलेला शेगडीत. बाकीच्या जणी बाहीत वाकून बघत होत्या, चाचपडत होत्या. गोडेलीव्हबाईंना ती गरज नव्हती. पांढरा मोठा आणि चपटा, काळा बारका आणि गोल. चाळीस वर्षांत बोटांना पाठ झालेलं. त्यांनी चपटा दाणा मुठीत धरला, मनात आलीडाचं नाव घेतलं आणि पेटीत टाकला.

उरलेला मात्र त्यांनी शेगडीत टाकला नाही. रुमालात गाठ मारून ठेवला. व्रताच्या दिवशी पोरीला द्यायचा होता, गंमत म्हणून.

पेटी उघडली, आणि गंमत तिथेच संपली.

आता दार वाजलं. आलीडा आत आली. अंगावर दोन वर्षांपूर्वीचा आखूड झगा, कापलेल्या केसांवर फडकं. मागे सिस्टर ऑडा. त्यांनी पावाचं पुडकं पोरीच्या हातात कोंबलं आणि तोंड फिरवून नाक ओढलं.

"रडायची सोंगं पुरेत," गोडेलीव्हबाई म्हणाल्या. "काल टाकताना हात थरथरला नाही तो?"

ऑडांनी पोरीच्या हातातलं पुडकं नीट केलं.

"दुसरा एखादा मठ?" आलीडाने हळूच विचारलं.

मदरनी मान हलवली. "तिथे आमची चिठ्ठी मागतील. काळा दाणा पडलेल्या मुलीला कुठलंच घर घेत नाही."

आलीडाने पुडकं काखेत मारलं. मग म्हणाली, "सिस्टर, उद्याच्या सुया ओवून ठेवल्यात. निळ्या डावीकडे आहेत."

म्हातारीने बाहीतून रुमाल काढला आणि चाचपत पोरीच्या हातावर ठेवला.

"यांनी काय केलं ते यांना माहीत. माझं तू बघून जा. मी पांढरा टाकला, म्हणून माझ्याकडे काळा उरला. हा घे. या घरात एक बाई तुझी होती, एवढं तरी जन्मभर हातात राहील."

आलीडाने गाठ सोडली.

मदर खुर्चीतून उठल्या. ऑडांनी छातीवर क्रूस काढला. पोरीच्या तळहातावर एक बारका, गोल, पांढराशुभ्र दाणा होता.

गोडेलीव्हबाई एव्हाना त्या दोघींकडे वळल्या होत्या.

"आता का दातखीळ बसली? या पोरीच्या तोंडावर सांगा, काळा कुणी टाकला? उत्तर द्या."