घरच्या खाण्याची ओळ

“पाण्यात हात कुणी घातला?” स्वरूपानं विचारलं.

काचेच्या पेटीत सरदार आडवा झाला होता. निळाजांभळा बेट्टा मासा. फेट्याच्या शेमल्यासारखी त्याची शेपटी, पण आता ती ओल्या चिंधीगत एका अंगाला लोंबत होती. मधेच तो झटका मारून वर यायचा, हवा ओढायचा आणि परत कलंडायचा.

“मला काय विचारती? मी आत्ता येतोय रानातनं,” दत्तोबा सुनेवर गुरकावला. चक्क खोटं बोलला. त्याला येऊन बराच वेळ झाला होता.

काटेवाडीच्या त्या घरात सासरा-सून एकमेकांशी बोलायची ती भांडायलाच. राजनंदिनीनं हट्ट धरला म्हणून स्वरूपानं लेकीसाठी बारामतीच्या दुकानातनं मासा आणला, तेव्हा दत्तोबानं घर डोक्यावर घेतलं होतं. त्यात त्या माशाचे लाड काय विचारता! नळाचं पाणी आधी रात्रभर बादलीत शिळं करायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं काढायचं, थोडं घालायचं. दाणे टाकायचे तेही हात आखडून, जास्त खाल्लं की पोट फुगतं म्हणे. जोडीला दुसरा नर ठेवायचा नाही, एकमेकांना फाडून ठेवतात. थंडी पडली की पेटी खिडकीपासनं आत.

“एवढी निगा माझ्या बापानं माझी केली न्हाय,” दत्तोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

एवढं करून आधीचे दोन मासे मेलेच. दोन्ही वेळा दत्तोबानं सुनेला ऐकवलं, “तुझ्या हातालाच गुण न्हाय. हाताखाली जीव धरत न्हाय काय.” ते स्वरूपाच्या वर्मी लागलं होतं. राजनंदिनीच्या पाठीवर तिला मूल राहिलं नव्हतं, आणि म्हातारा कुठं बोट ठेवतोय ते तिला बरोबर कळत होतं. सरदारला जगवून दाखवायचाच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आता गंमत बघा. घरात कुणी नसलं की हाच दत्तोबा पेटीपुढं मांडी घालून बसायचा. बोट ओलं करायचा, त्यावर दाणा चिकटवायचा आणि बोट पाण्यात बुडवायचा. सरदार कल्ले फुगवून, शड्डू ठोकल्यासारखा चालून यायचा आणि दाणा टिपायचा. म्हातारा गालातल्या गालात हसायचा. आजही रानातनं आल्या आल्या त्यानं तेच केलं होतं. पण हे सुनेपुढं कबूल करायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं.

स्वरूपानं दुकानदाराला फोन लावला. ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि सासऱ्याकडं वळली.

“घरात औषध मारलं का, विचारतोय. डासाचं, झुरळाचं, कसलंबी.”

“घरात कोण कशाला मारील औषध?”

“रानात मारलंत ना आज?”

“वांग्याला मारलं. वांगी रानात, मासा घरात. औषध काय यष्टी धरून आलं व्हय हितं?”

“हात कशानं धुतले?”

“मोटारीच्या धारंखाली धरलं. आन् कशानं धुवायचं, दुधानं?” दत्तोबा ताडकन उठला. “म्हंजी माझ्या हाताला विष हाय म्हणायचंय तुला? अगं, मारकेटला जाती ती वांगी येगळी आन् घरच्या खाण्याची ओळ येगळी ठिवलीया मी! त्या ओळीवर औषधाचा थेंब उडू देत न्हाय. का? माझ्या नातीच्या तोंडात जायाची म्हणून! आन् तू मला इचारतीस?”

हे मात्र खरं होतं. विहिरीच्या कडेची ती ओळ तो जिवापाड जपायचा. वांगी किडकी निघायची, पण घरात तीच शिजायची. तिनं वाटीनं सरदारला उचललं आणि बादलीतल्या शिळ्या पाण्यात सोडलं. तो तळाला गेला. कल्ले दोनदा हलले, मग तेही थांबले.

“मेला! फोड आता माझ्या डोक्यावर खापर,” दत्तोबा म्हणाला. आवाज चढाच होता, पण बादलीकडं त्याला बघवेना.

राजनंदिनी रडून रडून दमली. आईवर रुसली आणि जेवायच्या वेळी नेहमीसारखी आबाच्या मांडीत येऊन बसली. ताटात घरच्या ओळीतल्या वांग्याची भाजी होती. दत्तोबानं हातावर पाणी घेतलं, भाकरी मोडली, कालवली, बोटांनी घास नीट वळला.

“आई वाईट हाय. आबा, तूच चांगला,” पोरगी मुसमुसत म्हणाली. “दारातनं बघितलं मी, सरदारला मघाशी बोटानं भरवलंस ना, तसं मला भरव.”

आणि तिनं आ केला.

तव्यावरची भाकरी उलटता उलटता स्वरूपाचा हात थांबला. दत्तोबानं सुनेकडं बघितलंच नाही. तो घासाकडं बघत होता. वांगं घरच्या ओळीतलं, भाकरी घरची. बोटांना मात्र अजून औषधाचा उग्र वास येत होता. मग त्याला पोरीची अधनंमधनं उठणारी पोटदुखी आठवली. जंत झालेत म्हणत होते सगळे. ती कोणकोणत्या संध्याकाळी पोट धरून रडायची, तेही आठवलं.

घास हातातनं ताटात पडला.

“स्वरूपा!” तो ओरडला. “उचल पोरीला माझ्या मांडीवरनं! आदी उचल!”