सूर्यफुलाचं खोड

"आडवा छेद घ्यावा तर असा!" सूक्ष्मदर्शकातून पाहत विभागप्रमुख म्हणाले. प्रात्यक्षिक परीक्षेत संस्थाध्यक्षांच्या मुलीनं सूर्यफुलाच्या खोडाची चकती कापली होती, म्हणे. आत वाहिन्यांचं कडं अगदी रेखीव दिसत होतं.

कंत्राटी प्राध्यापिका वृषालीनं स्लाइडवरची काच नखानं ढकलली. स्लाइड आत्ताच केलेली असती तर काच सरकली असती. ही जागची हलेना. "तासाभरात चिकटून वाळलीसुद्धा? कोणत्या दुकानातली गं ही?"

मुलगी नुसती हसली. सर पुटपुटले, "मॅडम, कंत्राट याच महिन्यात संपतंय तुमचं. घरी तान्हं लेकरू आहे."

"नवं खोड घे. माझ्यासमोर काप," वृषाली मुलीला म्हणाली.

मुलीनं ते भरल्या भेंडीसारखं उभं चिरलं.

"शून्य लिहितेय, सर. कंत्राटाचं काय ते अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन ठरवा तुम्ही."