चेसिसमधली शेंडी

मेकॅनिक लिमने ट्रकच्या चेसिसच्या पोकळीत दोन बोटं घातली आणि काळपट काथ्याचा एक बोळा ओढून बाहेर काढला. मागोमाग करवंटीचा तुकडा फरशीवर पडला.

"उंदीर," तो म्हणाला. "घरटं केलंय, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची त्याला इथल्या सगळ्यांसारखीच सवय होती.

रवींद्रने सुलेखाकडे पाहिलं. सुलेखाने गॅरेजच्या छताकडे पाहिलं.

वुडलँड्सच्या त्या गॅरेजमध्ये ट्रक पुढची चाकं काढून जॅकवर चढवला होता. ट्रक कसला, पन्नाशी उलटलेला निळा छकडा. पुढे नवरा-बायको आणि मागे चार पोती मावतील एवढाच. पण रवींद्रचा त्याच्यावर भारी जीव. यंदा डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ बंदी केली. आता चालवणार सुलेखा. तिच्याकडे लायसन्स होतं, हिंमत तर होतीच होती, पण त्या जड स्टिअरिंगशी झटताना तिचे खांदे भरून यायचे. म्हणून पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं. ते जमलं नाही तर ट्रक भंगारात जाणार, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं.

"हात हलका होतो," लिमने आधीच समजावलं होतं, "पण जोर काही पळून जात नाही. तो सगळा इथे येतो." इथे म्हणजे चेसिसच्या उजव्या दांड्यावर, जिथे स्टिअरिंगचा बॉक्स आवळलेला असतो. जुना पत्रा त्या जोराने फाटतो. म्हणून आधी तिथे जाड लोखंडी पट्टी वेल्ड करायची आणि मग नवा बॉक्स बसवायचा. त्या पट्टीसाठी जागा घासायला घेतली आणि हे प्रकरण निघालं.

"उंदीर नाही," शेवटी सुलेखाच म्हणाली. "नारळ आहे."

दर दसऱ्याला ट्रकची पूजा व्हायची ती घराजवळ, पुंगोलच्या बहुमजली कारपार्कमध्ये. तिथल्या चकचकीत फरशीवर नारळ आपटायची रवींद्रची छाती होत नसे. मग त्याने युक्ती काढली. बंपरखालून डोकावणाऱ्या चेसिसच्या पोकळ टोकावर नारळ हाणायचा, उजवी बाजू शुभ म्हणून उजव्या टोकावर, आणि खाली सुलेखाने पातेलं धरायचं. फरशीवर एक थेंब नाही! या अकलेचा त्याला कोण अभिमान. पातेल्यात पाणी नेहमी निम्मंच यायचं. उरलेलं जातं कुठे, हे मात्र बँकेत इतरांचे हिशेब तपासण्यात जन्म घालवलेल्या या माणसाने कधी विचारलं नाही.

ते आत जात होतं. दर दसऱ्याला, न चुकता. आणि दांडा आतून गंजत होता.

"ट्रकला नारळपाणी पाजता?" लिमने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने हातोडी उचलली आणि दांडा ठोकून बघायला लागला. टोकाशी भद्द आवाज आला. थोडं मागे, बॉक्सच्या जागेवर, तिथेही भद्द.

रवींद्रने फरशीवरचा करवंटीचा तुकडा उचलला. आपणच, आपल्याच हाताने, तेही देवाचं नाव घेऊन!

"तू म्हणत होतीस," तो पुटपुटला. "देवळात फोडा म्हणून."

"आता गप्प बसा," सुलेखा म्हणाली आणि तिने त्याचं कोपर घट्ट धरलं.

हातोडी आणखी मागे गेली. ठण्ण. पुन्हा ठण्ण. पार मागच्या चाकापर्यंत लोखंड खणखणीत वाजत गेलं.

"कॅन?" जमेल का, हे सुलेखाने त्याच्याच भाषेत विचारलं.

लिमने कपाळावरचा घाम पुसला. "पुढचा वीतभर कुजलाय. तो कापून नवं लोखंड भरतो, पट्टी लांब घेतो. मागचं सगळं चांगलं आहे." मग तो हसला. "कॅन, लाह. बरं झालं, आत्ता उघडलं. नाहीतर भर रस्त्यात बॉक्स उखडला असता."

रवींद्र शेजारच्या टायरवर मटकन बसला. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले, आणि ते सकाळी घातलेल्या औषधामुळे, असं त्याने कोणी न विचारताच सांगून टाकलं.

काम झालं, गाडीची सरकारी तपासणीही सुरळीत पार पडली. ट्रक घरी न्यायच्या दिवशी सुलेखाने लिटिल इंडियाच्या बाजारातून नारळ आणला. नव्या पट्टीला हळदकुंकू लावून झालं. रवींद्रने नारळ उचलला आणि सवयीने चेसिसच्या टोकाशी वाकला.

"अहो!" सुलेखा ओरडली.

"नो, नो, नो!" लिम ओरडला.

"घरी ओट्यावर फोडू," सुलेखा म्हणाली. "तोवर धरून बसा."

ती उजवीकडे चढली. रवींद्र आपल्याच ट्रकमध्ये पहिल्यांदा डावीकडून चढला आणि नारळ मांडीवर घेऊन बसला. तिने स्टिअरिंग जरासं फिरवून पाहिलं.

"अगं बाई, केवढं हलकं!"

गेटबाहेर रस्ता मोकळा होता. सुलेखाने सिग्नल दिला आणि सावकाश डावीकडे वळली. रवींद्र समोर बघत होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत धरलेला नारळही तितकाच सावकाश डावीकडे वळत होता.