बावीस हिवाळ्यांचा शेजार

लाखभर माणसं मावणाऱ्या मेलबर्नच्या फुटबॉल मैदानात लेस्टर आणि शेजारच्या खुर्चीवरचे म्हातारबुवा बावीस हिवाळे खांद्याला खांदा लावून बसले. एकाच पुड्यातले चिप्स खाल्ले, पंचाच्या नावानं बोंबलले, हरल्यावर एकमेकांची पाठ थोपटली.

"दोस्ता, आपला खेळ आता परदेशात नेणार म्हणे!" लेस्टर म्हणायचा.

"नेऊ देत रे लेस्टर. आपल्या खुर्च्या नाही हलवल्या म्हणजे झालं," म्हातारबुवा हसायचे.

या शनिवारी त्या खुर्चीवर एक तरुणी येऊन बसली.

"तुम्हीच लेस्टर ना? मी त्यांची नात. आजोबा मंगळवारी गेले."

लेस्टरनं हातातला चिप्सचा पुडा खाली ठेवला.

"त्यांनी सांगून ठेवलं होतं, अंत्यविधीला दोन शब्द माझ्या जिवलग मित्रानंच बोलायचे. बोलाल ना?"

त्यानं मान हलवली. एक साधी गोष्ट तिला विचारायची होती, पण लाजेनं जीभच उचलेना.



सोमवारी तो सगळ्यांच्या आधी चर्चला पोचला आणि दारावरच्या पाटीवर त्यानं आपल्या मित्राचं नाव पहिल्यांदा वाचलं.