पोळीमागे एक पाढा

"शेवटी रक्त बोलतं हो!" पेढा तोंडात टाकत वन्सं म्हणाल्या, आणि कौतुकानं पाहिलं ते शालनच्या धाकट्या जावेकडे, कुमुदकडे. शालनच्या अंगाचा तिळपापड झाला. गणिताच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आलेली ईश्वरी कुमुदच्या पोटची, हे खरं. पण दहाव्या महिन्यात ती दत्तक आली शालनकडे. पाढा म्हटल्याशिवाय पोरीच्या ताटात पोळी पडत नसे, हा नेम शालनचा.

लहानपणी पोर शालनसारखी बोटांच्या पेरांवर मोजायची. आठवीत गेली आणि डावा डोळा बारीक करून मनातच उत्तर काढू लागली, हुबेहूब कुमुदसारखी. तो बारीक झालेला डोळा दिसला की शालनला वाटे, सगळी मेहनत पाण्यात गेली.

पाहुणे गेल्यावर कुमुद स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी घुटमळली. "ताई, माझ्या धाकटीला सुट्टीत ठेवून घ्याल? तीही माझ्याच रक्ताची ना! पण सातवीत गेली, तरी बाराच्या पाढ्याला अडते."

शालननं वळून पाहिलं. जावेची नजर पोळपाटाला खिळली होती. त्या नजरेतली जळजळ शालनच्या चांगलीच ओळखीची होती. गेली दोन वर्षं ती तिला रोज आरशात दिसत होती.

"उद्याच पाठव," ती म्हणाली. "पण पोरीचा नंबर आला ना, तर वन्संना तू स्वतः सांगायचंस, पोळ्या कुणाच्या खाल्ल्या ते."