आठवा नट

पाना पुन्हा सटकला. चिमणीची बोटं धाडकन मडगार्डवर आपटली.

"मर मेल्या!" ती किंचाळली.

"मला म्हणालीस?" मागून काकाने विचारलं.

"नटाला!"

"मग ठीक."

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला आठ नट होते. सात सुटले होते. कुरकुरत, शिव्या खात, पण सुटले. आठवा मात्र हटून बसला होता. त्याला रॉकेल पाजून झालं, तापवून झालं, हातोडीने बडवून झालं. तो आपला ढिम्म! वर त्याचे कोपरे झिजत चालले होते. अजून एकदोनदा पाना सटकला, की तो गोल गरगरीत होणार. मग धरणार कशाला?

चाक निघालं तरच आतलं गळकं सील बदलता येणार होतं. नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येणार होता. काकाने त्याला सांगूनही ठेवलं होतं. ज्या ट्रॅक्टरवर ती याच सुट्टीत गिअर टाकायला शिकली, त्याचे तुकडे होणार होते.

"सोड गं नाद," काका स्टुलावरून म्हणाला. "तो मी आवळलेला नट आहे. तू जन्मायच्या आधी. तुझ्यासारख्या काडी पहिलवानाला तो दाद देणार नाही."

"मग तूच सोडव ना!"

"माझी कंबर धरलीय."

काकाची कंबर काम दिसलं की हमखास धरायची.

चिमणीने दात-ओठ खात पान्याच्या दांड्यात लांबलचक पाईप अडकवला. पाईपच्या टोकावर उभी राहिली. उड्या मारल्या. पाईप हलला, चिमणी हलली, नट नाही.

काकाला हसू आवरेना. "अगं, तुझ्यापेक्षा माझा ओला टॉवेल जड असेल!"

आता मात्र तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने टायरला लाथ मारली. अंगठाही दुखावला. आजचा दिवसच मेला खराब!

तेवढ्यात घरातल्या शिलाई मशीनचा आवाज थांबला. आई बाहेर आली. गळ्यात मोजपट्टी, केसांत दोऱ्याचे तुकडे. तिने नट बोटाने पुसला, निरखला आणि चक्क पाईपवर चढली.

"ये, माझ्या खांद्याला धर. दोघी एकदम."

"अहो वहिनी, तो मी आवळलेला..." कंबर विसरून काका ताडकन उठला.

"भाऊजी, भर रस्त्यात चाक डुगडुगायला लागलं, तेव्हा तुम्ही माणसं शोधायला पळालात. तुम्ही येईपर्यंत मी सगळे आवळून मोकळी झाले होते. हा तर सगळ्यात शेवटी, पान्यावर उभी राहून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"'मी आवळला' हे सांगताना तुम्हाला फार आनंद व्हायचा."

काका कान खाजवत राहिला. दोघींनी एकदम उडी मारली. कर्रर्र... कडाड! पाईप खाली गेला आणि दोघी मातीत फतकल मारून बसल्या. नट फिरला होता.

चिमणी हसता हसता आईच्या अंगावर कोसळली. "आई गं! एकटीने एवढा घट्ट आवळला होतास?"

"एकटी कुठे?" आई तिच्या केसांतली माती झटकत म्हणाली. "तू पोटात होतीस की. तेव्हाही पान्यावर दोघीच उभ्या होतो."